ऐंशी टक्के हिरवं

शेतातली माती तपासायला न्यायची तर ती कशात न्यावी, हे सरकारी पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: स्वच्छ प्लास्टिकची पिशवी. पत्रक वाचणारे प्यो ग्वांगइल साहेब म्हणजे सोलच्या एका विमा कंपनीत सत्तावीस वर्षं दाव्यांची छाननी करून निवृत्त झालेले गृहस्थ. नियमावर बोट ठेवून दुसऱ्याचा अर्ज नामंजूर करण्यात त्यांचा हात धरणारा त्या इमारतीत कुणी नव्हता. पण नियम वाचणं वेगळं आणि सासूबाईंसमोर तो पाळणं वेगळं.

"जावईमाणूस हातात मातीची पिशवी घेऊन बसमध्ये चढणार?" सासूबाई म्हणाल्या. "लोक माझ्या तोंडात शेण घालतील." आणि त्यांनी किमचीचा, म्हणजे खारवलेल्या कोबीच्या लोणच्याचा, एक रिकामा डबा तीनदा घासून, उन्हात वाळवून, त्यात शेताच्या पाच कोपऱ्यांतली माती भरली, वर गुलाबी रुमाल बांधला आणि तो प्यो साहेबांच्या हातात दिला. प्यो साहेब तालुक्याच्या कृषी केंद्रात शिरले तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची मिठाई आली.

सासूबाईंना गावात गुर्येवाली म्हणत, कारण अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्या गुर्येहून लग्न होऊन इथे आल्या. बेतगोल गावात म्हाताऱ्या बायकांना नावं नाहीत, माहेरं आहेत. कुणी बोसंगवाली, कुणी हाम्प्यंगवाली. पुरुषाला माहेर नसल्यामुळे त्याची जरा पंचाईतच होते. सोलमध्ये ज्यांना मजल्यावरचा शिपाईसुद्धा विभागप्रमुख म्हणायचा, त्या प्यो साहेबांना इथे अख्खं गाव जावईबापू म्हणे. जावई हा जन्मभराचा पाहुणा, त्यामुळे त्याने वाकायचं नाही, उचलायचं नाही आणि विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. अशा परिस्थितीत शेती कशी करायची, हा प्रश्न गावातल्या कुणालाच पडलेला नव्हता. जावई शेती करतो यावर मुळात कुणाचा विश्वासच नव्हता.

आणि करणं तर भाग होतं. प्यो साहेबांची बायको मीओक अजून सोलमध्ये होती. ती या गावची मुलगी, एकोणिसाव्या वर्षी इथून बस धरून गेलेली, आणि वर्षातून दोन सणांखेरीज परत न येणारी. नवऱ्याने निवृत्तीनंतर तिच्या माहेरच्या मातीत हात घालायचं काढलं, तेव्हा ती म्हणाली होती, "त्या मातीतून मी कशीबशी सुटले. तुम्हांला हौस आहे तर जा. फ्लॅटचा करार एप्रिलअखेरपर्यंत आहे. तोवर तुम्ही तिथे काहीतरी करून दाखवलंत असं सरकारने शिक्क्यानिशी लिहून दिलं, तर मी फ्लॅट सोडून येते. नाहीतर तुम्ही परत यायचं, आणि शेतीचा शब्द काढायचा नाही." तोंडी शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे मीओक या नवऱ्याकडूनच शिकली होती. तेव्हा प्यो साहेबांना तक्रारीला जागा नव्हती. त्यांना बायको हवी होती आणि शेतही हवं होतं, आणि दोन्ही एका कागदावर अवलंबून होतं.

कागदाचं नाव होतं निरोगी माती प्रमाणपत्र. सरकारची माती सुधारण्याची योजना होती. तीत नाव घातलं की हिरवळीच्या खताचं बियाणं फुकट मिळे. ते शरदात पेरायचं, वसंतात शेत हिरवंगार झालं की निरीक्षक येऊन बघणार, ऐंशी टक्के जमीन झाकलेली असली की शिक्का. मग ते सगळं हिरवं नांगरून तिथल्या तिथेच मातीत गाडायचं. काही पिकवायचं नाही, काही विकायचं नाही. विम्याच्या धंद्यातून आलेल्या माणसाला ही योजना अगदी आपली वाटली.

डबा दिल्यावर आठ दिवसांनी कृषी केंद्रातल्या निरीक्षक बान मॅडमचा फोन आला. बान मॅडम तिशीच्या होत्या आणि आवाजात चढउतार न आणता बोलायच्या.

"प्यो साहेब, तुमचं शेत समुद्रापासून किती लांब आहे?"

"बसने दीड तास."

"मग माती समुद्राकडे जाऊन आली होती का?"

"नाही. का?"

"क्षारता यंत्राच्या मापाबाहेर गेली आहे. या मातीत काही उगवू शकत नाही, असं यंत्राचं म्हणणं आहे. शिवाय नमुन्याला लसणाचा वास येतो."

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. गावप्रमुख मून रोज सकाळी सहाला ध्वनिक्षेपकावरून गावाला सूचना देत असत, म्हणजे खतांच्या गाड्या, दाढदुखीचं शिबिर, कुणाची हरवलेली कोंबडी. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढ्याच गांभीर्याने सांगितलं, की गुर्येवालींच्या खालच्या शेतात खारटपणा वाढल्याचं कळतं, तरी आजूबाजूच्यांनी आपापल्या विहिरीचं पाणी चाखून पाहावं. अकरा जणांनी पाणी चाखलं. त्यातल्या चौघांना ते खारट लागलं. सासूबाईंनी तीन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही, आणि डबा घासण्यात कसूर झाली हे शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

दुसरा नमुना पिशवीतून गेला. वर गुलाबी रुमाल होताच. या वेळी निकाल बरोबर आला आणि तो आणखी वाईट होता. तीस वर्षं कांदा, मग मिरची, मग परत कांदा आणि पोत्यांनी रासायनिक खत, यामुळे सेंद्रिय कर्ब नाममात्र उरला होता. गांडुळांच्या रकान्यात शून्य होतं. सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे मेली का?"

"नाही आई, थकली आहे."

"मी पण थकलेय. मला कुणी फुकट बियाणं देत नाही."

ऑक्टोबरमध्ये जव आणि जाउन्यंग यांचं मिश्रण पेरलं. जाउन्यंग म्हणजे मेथीच्या जवळपासचं एक जमिनीसरपट वाढणारं रोप. ते हवेतलं नत्र मातीत आणतं, हे योजनेच्या बेचाळीस पानी पुस्तकात चित्र काढून समजावलेलं होतं. प्यो साहेबांनी ते पुस्तक दोनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टी लावून रेघा मारल्या, आणि शेतीच्या कामाची एक नोंदवही घातली. गावातले लोक बांधावर उभे राहून त्यांच्याकडे बघत. हाम्प्यंगवालीने कुणाला तरी हळूच विचारलं, की जावई मुद्दाम गवत पेरतोय हे मीओकला ठाऊक आहे का. तिला सांगण्यात आलं, की सोलमध्ये पगार घेऊन लोक यापेक्षाही कमी करतात.

दर रविवारी प्यो साहेब बायकोला फोन करून अहवाल देत. उगवण चांगली आहे. पहिलं गांडूळ दिसलं, तीन सेंटिमीटर. मीओक ऐकून घेई आणि म्हणे, "कागद आला का?"

फेब्रुवारीच्या मधल्या एका सकाळी प्यो साहेब दात घासत अंगणात आले आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. त्यांच्या शेतात नऊ म्हाताऱ्या एका रांगेत, हात पाठीशी बांधून, कडेकडेने पाऊल टाकत चालल्या होत्या. बोटभर वर आलेले जव त्यांच्या रबरी बुटांखाली चिरडले जात होते. गप्पा चालू होत्या. कुणाच्या तरी सुनेचा विषय असावा.

प्यो साहेब फेसासकट धावले. "आजी, हे काय चाललंय? हे सरकारी जव आहेत."

"मग सरकारी पाय कुठून आणू?" बोसंगवाली म्हणाली. ती एक्याऐंशीची होती आणि त्या नऊजणींची म्होरकी होती.

प्यो साहेबांनी मग उभ्याउभ्या दहा मिनिटं भाषण केलं. मालमत्ता, परवानगी, नुकसान आणि जबाबदारी या चार मुद्द्यांवर ते सोलमध्ये नेहमी बोलत, तेच. म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं आणि आल्या तशा निघून गेल्या. दुपारी गावप्रमुख मून आले आणि ओसरीच्या कडेला टेकले.

"जावईबापू, थंडीत जमीन फुगते."

"बरं."

"फुगली की जवाची मुळं उघडी पडतात. मग ती वाळतात. म्हणून या दिवसांत जव तुडवायचा असतो. इथे लहान पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. तुम्ही पाहुणे, तुम्हांला कोण कामाला लावणार, म्हणून त्या थंडीत गुडघे धरून आल्या होत्या."

प्यो साहेबांनी पुस्तक उघडलं. पान एकतीस, मध्यावर: फेब्रुवारीत एकदा किंवा दोनदा तुडवणे आवश्यक. त्या ओळीखाली रेघ होती. स्वतःच्याच हाताची, पट्टी लावून मारलेली.

माणसाला चुकीची लाज वाटते, पण रेघ मारून केलेल्या चुकीची जास्त वाटते. प्यो साहेब संत्र्यांची पेटी घेऊन गावच्या सभागृहात गेले, तापवलेल्या जमिनीवर पत्ते खेळत बसलेल्या नऊजणींपुढे कमरेत वाकले आणि माफी मागितली. बोसंगवालीने पत्ता टाकला आणि म्हणाली, "संत्री ठेवा. उद्या सकाळी बूट घालून या." दुसऱ्या दिवशी प्यो साहेब रांगेत दहावे होते. जावयाने वाकायचं नसलं तरी चालायला हरकत नाही, असा निर्णय झाला होता. त्याच वेळी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली, की या बायका शेतात जे काही करतील ते शेताच्या भल्याचंच असणार, आणि आपण विचारायचं नाही. खूणगाठ चांगली होती. फक्त ती महिनाभरात सुटायला हवी होती, किंवा मुळात बांधायलाच नको होती.

मार्चमध्ये शेत असं तरारलं, की बस थांबवून बघावं. जव घोट्याच्या वर आले, मधून जाउन्यंगची मऊ पानं पसरली, ढेकूळ म्हणून दिसेना. प्यो साहेब दिवसातून तीनदा बांधावर जाऊन काही न करता उभे राहत. आयुष्यात त्यांनी हजारो गोष्टी थांबवल्या होत्या, पण काही उगवून आणलेलं हे पहिलंच. त्यांना फार आनंद झाला होता आणि तो कुणाला सांगावा हे कळत नव्हतं.

चौदा तारखेला नऊजणी परत आल्या. या वेळी हातात सुऱ्या आणि टोपल्या होत्या. त्या शेतभर पांगल्या, उकिडव्या बसल्या आणि शेंडे कापायला लागल्या. प्यो साहेब दोन पावलं पुढे झाले. पण खूणगाठ आठवली. त्यांनी तोंड मिटलं. उलट घरात जाऊन कागदी पेल्यांतून दहा कॉफ्या करून आणल्या आणि जिची टोपली भरेल तिची उचलून बांधावर ठेवू लागले.

"जावईबापू आता माणसात आले," बोसंगवाली म्हणाली.

"शेंडे कापल्याने फुटवे जास्त येत असतील," प्यो साहेब जाणकारपणे म्हणाले.

"येतात ना. खूप येतात." ती हसली. तिच्या तोंडात मोजून सहा दात होते.

त्या रात्री नोंदवहीत नोंद झाली: पारंपरिक छाटणी. सहभागी नऊ. टोपल्या पाच. पुढच्या रविवारी हे त्यांनी मीओकला फोनवर वाचून दाखवलं.

"कसली छाटणी? कुणी केली?"

"बोसंगवाली आजी आणि इतर."

"हातात टोपल्या होत्या?"

"हो."

"त्या रात्री आईने जेवायला काय केलं होतं?"

प्यो साहेबांनी आठवलं. जवाच्या कोवळ्या पात्यांचं सार होतं, आंबवलेल्या सोयाबीनचं. तिळाचं तेल आणि लसूण घालून चुरडलेली एक पालेभाजी होती. अतिशय चवदार होती. त्यांनी तीनदा मागून घेतली होती.

"अहो," मीओक म्हणाली, आणि तिला पुढे बोलता येईना. ती हसत होती की खोकत होती ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी म्हणाली, "जाउन्यंग लहानपणी आम्ही वसंताची वाट बघून खायचो. तुम्ही अख्ख्या गावाची भाजी पेरलीत आणि कुणाला कापू नका म्हणून सांगितलं नाहीत?"

प्यो साहेब फोन ठेवून शेतावर गेले. आता त्यांना दिसलं. शेत पाचव्या इयत्तेतल्या मुलाच्या डोक्यासारखं बारीक कापलेलं होतं आणि मधे मधे जमीन चमकत होती. निरीक्षण पाच दिवसांवर होतं.

निरीक्षणाच्या दिवशी बान मॅडम अकराच्या बसने आल्या, काखेत चौकोनी लोखंडी चौकट आणि खांद्याला टॅब. अर्जावर गावप्रमुखांचा शिक्का लागतो म्हणून त्या आधी सभागृहात गेल्या आणि तिथेच अडकल्या. जेवणाची वेळ होती.

"मी अर्जदारांच्या गावात जेवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे."

"जेवू नकोस गं बाई, चव बघ," हाम्प्यंगवाली म्हणाली आणि तिने भाजीचा घास चॉपस्टिकने उचलून थेट बान मॅडमच्या तोंडाशी नेला. एवढ्या जवळ आलेल्या घासाला नाही म्हणायची कोरियात पद्धत नाही. निरीक्षकालाही नाही. बान मॅडमनी चव बघितली. मग सारही बघितलं. मग वाटी संपेपर्यंत बघत राहिल्या, आणि म्हणाल्या की त्यांची आजी गेल्यापासून ही चव मिळाली नव्हती.

नंतर त्या शेतावर आल्या. चौकट तीन ठिकाणी टाकली, वरून फोटो घेतले. टॅबने आकडा दिला: अडतीस टक्के.

"घट कशामुळे झाली?" बान मॅडमनी विचारलं. "पर्याय आहेत. गारपीट, पूर, दुष्काळ, रानडुक्कर, हरीण, इतर."

गावप्रमुख मून पुढे सरसावले. "डुक्कर लिहा. इकडे डुकरं फार."

"डुकराला पावलांचा फोटो लागतो."

"मग हरीण."

"हरणाला लेंड्या लागतात."

"लिहा हो डुक्कर," बोसंगवाली मागून म्हणाली. "मला काही वाटणार नाही. डुकराला तरी माझ्यापेक्षा जास्त दात असतात."

सगळे प्यो साहेबांकडे बघायला लागले. एक शब्द होता, आणि त्या शब्दावर कागद, आणि कागदावर बायको. पण सत्तावीस वर्षांत त्यांनी खोटी डुकरं किती पकडली होती याची गणती नव्हती. गळक्या छपराला वादळ म्हणणारे, जुन्या दुखण्याला अपघात म्हणणारे, सगळ्यांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं होतं. ती सगळी माणसं आता बांधावर उभी राहून बघताहेत असं त्यांना वाटलं.

"इतर लिहा," ते म्हणाले. "गावातल्या ज्येष्ठ महिलांनी भाजी म्हणून खाल्लं."

बान मॅडम टाइप करू लागल्या. "प्रमाण?"

"पाच टोपल्या."

"खाणाऱ्यांची संख्या?"

"सभागृहात अकरा. आमच्या घरी दोन."

"त्यात अर्जदार?"

"हो. तीनदा वाढून घेतलं."

बान मॅडमचं बोट टॅबवर थांबलं. "सभागृहात," त्या सावकाश म्हणाल्या, "आज दुपारी जे होतं, ते?"

हाम्प्यंगवालीने आकाशाकडे पाहिलं.

"म्हणजे निरीक्षणाखालचं पीक निरीक्षकाने खाल्लेलं आहे," बान मॅडम म्हणाल्या. आवाजात याही वेळी चढउतार नव्हता, फक्त कान लाल झाले होते. "असं निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही. मला हे रद्द करावं लागेल. पुनर्निरीक्षण तीन आठवड्यांनी."

अशा रीतीने जे पीक खाल्ल्यामुळे बुडालं होतं, ते आणखी एकीने खाल्ल्यामुळे वाचलं. प्यो साहेबांनी घरी जाऊन पुस्तकात हे कलम शोधलं. होतं.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी सहाला ध्वनिक्षेपकावरून सूचना होई: जावईबापूंच्या शेतात कुणीही भाजी कापू नये, ही सरकारी भाजी आहे. प्यो साहेबांनी दोरी बांधली, भाजी चोरणाऱ्यावर कारवाई होईल अशी पाटी लावली. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. म्हाताऱ्या रुसल्या. सभागृहात प्यो साहेब शिरले की पत्ते आवरले जात. सासूबाईंनी बोलणं सोडलं, वाढणं चालू ठेवलं. पण भात वाढताना पूर्वी वरून हाताने दाबून भरत, तो आता नुसता ठेवू लागल्या. आठव्या दिवशी प्यो साहेबांना ते सहन होईना. ते बोसंगवालीच्या दारात गेले.

"आजी, मी तुम्हांला चोर म्हणालो नाही."

"पाटीवर लिहिलंत."

"आजी, ऐंशी टक्के झालं नाही तर मीओक येणार नाही. मला परत जावं लागेल. मला जायचं नाहीये."

"हे आधी बोलायचं," बोसंगवाली म्हणाली. "दोरी कशाला बांधायची?"

दुसऱ्या दिवसापासून नऊजणींनी पाळ्या लावल्या. दोघीदोघी, छत्री आणि प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन बांधावर बसू लागल्या. शेजारच्या गावातून भाजी शोधत आलेल्या तिघींना त्यांनी इतकं सुनावलं, की त्या स्वतःच्या टोपल्या वाटेवरच विसरून गेल्या. एका हरणाचाही अपमान झाला. आणि शेत भरून आलं. बोसंगवाली म्हणाली होती तसे फुटवे खरोखरच जास्त आले होते. प्यो साहेबांनी तारेची चौकट करून रोज मोजलं. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. आदल्या संध्याकाळी पंच्याऐंशी. सासूबाईंनी त्या रात्री भात दाबून वाढला.

पुनर्निरीक्षणाला बान मॅडमच आल्या, कारण केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. या वेळी त्यांनी घरून डबा आणला होता आणि तो हातात दिसेल असा धरला होता. प्यो साहेब त्यांना घ्यायला बस थांब्यावर गेले होते. दोघं बोलत शेताच्या वळणावर आली आणि प्यो साहेबांचे पाय थांबले.

शेताच्या ऐन मध्यावर एक बाई पाठमोरी उकिडवी बसून शेंडे कापत होती. बाजूला स्टीलचं भांडं होतं. भांडं अर्धं भरलं होतं.

बांधावर बोसंगवाली बसली होती. आज खुर्ची नव्हती, एका मोठ्या निळ्या सुटकेसवर बसली होती.

"आजी," प्यो साहेबांचा आवाज चिरकला, "तुम्ही अडवलं नाहीत?"

"तिला कोण अडवणार?" बोसंगवाली म्हणाली. "तिच्या बापाचं शेत. सकाळच्या बसने आली. घरात पाऊल टाकलं नाही, आईच्या हातातली सुरी घेतली आणि सरळ आत घुसली."

प्यो साहेबांनी परत पाहिलं. मान वाकवून बसण्याची ती ढब त्यांच्या ओळखीची होती. सोलच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडताना मीओक स्वयंपाकघरात खुर्ची असूनही जमिनीवर तशीच बसायची. तिथे ते कधी त्यांनी नीट बघितलं नव्हतं.

बान मॅडमनी पहिली चौकट टाकली. त्र्याऐंशी टक्के. दुसरी टाकली. पंच्याऐंशी.

"तिसरी मध्यभागी," त्या म्हणाल्या. "त्या बाई कोण?"

"माझी बायको."

"त्यांना उठायला सांगा. नियमात अंदाजे मध्यभागी असं आहे. मी चौकट चार पावलं पलीकडे टाकू शकते." बान मॅडमनी चौकट उचलली. "मला तसं करायला आवडेल, प्यो साहेब."

नियमात बसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा नियम प्यो साहेबांच्या बाजूने हात पसरून उभा होता. त्यांनी शेताकडे पाहिलं. मीओक चवड्यांवर पुढे सरकत होती. एक पान तिने तोंडात टाकलं, चावलं, आणि सुरी धरलेल्या मनगटाने डोळे पुसले.

"नको," प्यो साहेब म्हणाले. "तिला बसू दे. चौकट तिथेच टाका."

तिथे एकोणसत्तर भरले. सरासरी एकोणऐंशी. बान मॅडमनी टॅबवर जे लिहायचं ते लिहिलं, मान लववली आणि डबा खायला कुठे बसावं हे बघत निघाल्या. बोसंगवालीने त्यांच्यासाठी सुटकेसवर जागा केली.

प्यो साहेब दोरी ओलांडून शेतात गेले.

"काय लिहिलं त्यांनी?" मीओकने मान वर न करता विचारलं.

"अपात्र. एक टक्का कमी पडला."

"म्हणजे कागद नाही."

"नाही."

"मग ठरल्याप्रमाणे तुम्ही परत यायचं."

"हो."

"कुठे येणार? फ्लॅटची किल्ली मी गुरुवारी देऊन आले."

प्यो साहेब उभेच राहिले. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही अर्ज भरायला लावला असता." तिने मूठभर शेंडे भांड्यात टाकले. "रविवारी फोन ठेवला की पुढच्या रविवारपर्यंत घरात भांडायला कुणी नसायचं. भिंतींशी किती भांडणार?"

प्यो साहेब तिच्या शेजारी चिखलात उकिडवे बसले. बांधावरून सासूबाईंनी काहीतरी हाक मारली, बहुधा जावयाचे कपडे खराब होताहेत म्हणून. कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी हाताला आलेलं एक जाउन्यंगचं रोप धरून ओढायला सुरुवात केली.

"अहो, मुळासकट नाही," मीओक म्हणाली आणि तिने त्यांच्या हातात सुरी दिली. "वरून कापा. मुळं मातीतच राहू द्या. पुढच्या वर्षी ऐंशी टक्के करायचेत ना?"